सहायक दर तिसऱ्या महिन्यात बदलावा लागतो: दोष नेमका कुठे शोधावा?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टर्किश टॉवेल आणि जॅकार्ड चादरींचा छोटा कारखाना आहे. पूर्वी माल चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यांकडे गेला की आमचे काम संपत असे. आता विक्रीचा मोठा भाग हॉटेले, लॉज आणि थेट घरगुती ग्राहक यांच्याकडून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या मागण्यांवर चालतो. कार्यालयात मी आणि हिशेब पाहणारे एक जुने गृहस्थ, एवढीच माणसे आहेत. त्यामुळे चौकशांना उत्तरे देणे, कोटेशन पाठवणे, कुरिअरची नोंद करणे आणि परत आलेल्या पार्सलांचा पाठपुरावा करणे यासाठी आम्ही घरून काम करणारा सहायक, म्हणजे ज्याला आता सर्वत्र व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात तो, ठेवू लागलो. दीड वर्षात असे तीन जण आले आणि गेले. चौथ्या सहायिका नऊ महिन्यांपासून टिकून आहेत. मधल्या काळात बिघाड कुठे होता हे शोधताना जे हाती लागले, ते आमच्यासारख्याच अडचणीत असलेल्यांसाठी येथे मांडत आहे.

लक्षण कसे दिसते

तिन्ही वेळा घटनांचा क्रम इतका सारखा होता की तिसऱ्या वेळी तो मला आधीच ओळखता यायला हवा होता. पहिले दोन आठवडे सहायक सतत प्रश्न विचारतो आणि आपल्याला वाटते की याच्यापेक्षा स्वतः काम केलेले बरे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फोन कमी होतात, कामे वेळेवर होऊ लागतात आणि आपण सुटकेचा नि:श्वास टाकून सगळे लक्ष पुन्हा मागांकडे वळवतो. मग सातव्या किंवा आठव्या आठवड्यात एकापाठोपाठ एक तीन-चार मोठ्या चुका उघडकीला येतात, शब्दाला शब्द लागतो, आणि पुढच्या पगारानंतर समोरचा माणूस फोन उचलणे बंद करतो किंवा आपणच त्याला नको म्हणतो. त्यानंतर पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती आणि पुन्हा पहिला आठवडा.

प्रत्येक वेळी मी वेगळे कारण धरून बसलो. पहिल्या वेळी वाटले की पगार कमी पडला, म्हणून पुढच्या वेळी तो वाढवला. दुसऱ्या वेळी वाटले की माणूस दिलेल्या वेळेत दुसऱ्याचे काम करत असावा, म्हणून तिसऱ्या सहायकाच्या संगणकावर दर काही मिनिटांनी पडद्याचे चित्र टिपणारे सॉफ्टवेअर बसवले. त्यातून मला रोज शंभरेक चित्रे मिळू लागली, ती पाहायला वेळ मिळाला नाही, आणि चुका होत्या तिथेच राहिल्या. या उपायाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

पहिली तपासणी: प्रश्न मोजा

तिसरे सहायक गेल्यावर एका रविवारी मी त्यांच्याशी झालेले सगळे व्हॉट्सॲप संभाषण वरपासून खालपर्यंत वाचले आणि दर आठवड्याला त्यांनी मला किती प्रश्न विचारले ते कागदावर मांडले. पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस, चौथ्या आठवड्यात अकरा, सहाव्या आठवड्यात दोन आणि सातव्या आठवड्यात एकही नाही. ज्या काळाला मी ‘आता बसला जम’ असे म्हणत होतो, तोच बिघाडाचा काळ होता. काम कळले म्हणून प्रश्न थांबले नव्हते, विचारणे महाग पडू लागले म्हणून थांबले होते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एका ई-वे बिलाचे, म्हणजे माल वाहून नेताना सोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचे आहे. हैदराबादच्या एका हॉटेलसाठी साधारण ऐंशी हजारांच्या टॉवेलांच्या गाठी जायच्या होत्या. परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरील मालाला हे बिल लागते, तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपये आहे. बिलाच्या दुसऱ्या भागात गाडीचा क्रमांक भरला की मुदत सुरू होते आणि साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने ती मोजली जाते. सोलापूर-हैदराबाद अंतर तीनशे किलोमीटरच्या वर असल्याने दोन दिवस मिळतात. सहायकाने शुक्रवारी दुपारी ट्रान्सपोर्टवाल्याकडून गाडीचा क्रमांक घेऊन तो भरून टाकला. ट्रान्सपोर्टवाला मात्र मालाने पूर्ण भरल्याशिवाय गाडी सोडत नाही, आणि ती सोमवारी दुपारी निघणार होती. रविवारी मध्यरात्री बिलाची मुदत संपली. मुदत वाढवून घेण्याची सोय ती संपण्याआधीच्या आणि नंतरच्या आठ तासांतच असते, आणि सोमवारी ट्रान्सपोर्टच्या माणसाच्या हे लक्षात येईपर्यंत ते तासही उलटून गेले होते. माल गोदामात राहिला, हॉटेलला दिलेला दिवस चुकला आणि मी सहायकाला नको ते बोललो.

संभाषण वाचताना दिसले की त्याच्या आदल्याच आठवड्यात विजयपूरच्या मालाच्या वेळी त्यांनी मला नेमके हेच विचारले होते की, ‘गाडी आज निघणार आहे का? क्रमांक आत्ताच भरू का?’ त्यावर माझे उत्तर होते, ‘ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, प्रत्येक वेळी मला कशाला?’ त्यांनी पुढच्या वेळी ट्रान्सपोर्टवाल्यालाच विचारले, त्याने क्रमांक दिला आणि त्यांनी तो भरला. मी सांगितलेले त्यांनी तंतोतंत पाळले होते.

म्हणून ज्यांना ही अडचण वारंवार येते त्यांनी सहायक बदलण्याआधी ही तपासणी करावी. त्यात प्रश्नांची संख्या तर पाहावीच, पण आपण प्रत्येक प्रश्नाला किती तासांनी आणि कोणत्या स्वरात उत्तर दिले तेही पाहावे. माझी निम्म्याहून अधिक उत्तरे रात्री दहानंतरची होती, म्हणजे सहायकाचा कामाचा दिवस संपल्यावरची. दिवसभर ज्याचे काम अडून बसते तो माणूस दोन आठवड्यांत एक गोष्ट शिकतो: अंदाजाने पुढे जावे, कारण अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. उरलेल्या वेळी काय होते ते आपल्याला सातव्या आठवड्यात कळते.

दुसरी तपासणी: जे लिहिलेले नाही ते

कारखान्यात समोर बसलेल्या माणसाला शेकडो गोष्टी न सांगता कळतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो, त्या दिवशी शहराच्या पूर्व भागातले माग थांबतात आणि कारागीर कामावर नसतात, हे सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत गाडीपासून हमालापर्यंत सगळ्यांचाच वेग मंदावतो, हेही तसेच. आमचे दुसरे सहायक नाशिकहून काम करत. त्यांनी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एका लॉजमालकाला तीन दिवसांत माल देण्याचे लेखी आश्वासन दिले, आणि त्यांच्या समोरच्या तक्त्यात हे चुकीचे ठरवणारा एकही शब्द नव्हता. त्यांना दोष देताना माझ्या मनात हे आलेदेखील नाही.

उपाय म्हणून आम्ही गूगल शीटमध्ये एक कामाची वही तयार केली. कामाच्या पायऱ्या लिहिणारे तक्ते अनेक जण बनवतात आणि तसा आमचाही होता, पण तो पुरत नव्हता, कारण पायऱ्यांमध्ये निर्णय दडलेले असतात. ‘ग्राहकाची तक्रार आल्यास बदली माल पाठवावा’ या एका वाक्यात छायाचित्र मागायचे का, जुना माल परत मागवायचा का, कुरिअरचा खर्च कोणी द्यायचा आणि रंगातला फरक हा दोष धरायचा की वेगळ्या वेळी रंगवलेल्या लॉटचा नैसर्गिक फरक, असे किमान चार निर्णय आहेत. म्हणून नव्या वहीत प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण आहे. पहिली खूण असलेले काम सहायकाने कोणालाही न विचारता करायचे. दुसरी खूण असेल तर काम करून टाकायचे आणि संध्याकाळच्या नोंदीत कळवायचे. तिसऱ्या खुणेच्या कामात आधी विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. ५०० रुपयांपर्यंतची भरपाई दुसऱ्या खुणेत येते, त्याच्या वरची तिसऱ्या. ई-वे बिलातला गाडीचा क्रमांक तिसऱ्या खुणेत होता, पण पाच महिन्यांनी तो दुसऱ्या खुणेत आला, कारण तोपर्यंत ट्रान्सपोर्टवाल्याला ‘क्रमांक काय’ याऐवजी ‘गाडी प्रत्यक्ष किती वाजता सुटेल’ असे विचारायचे हे वहीत आले होते.

तिसऱ्या खुणेचा नियम दोन्ही बाजूंना बांधतो, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी पाच या दोन वेळी मी साचलेल्या सर्व प्रश्नांना उत्तर देतो, मग माग बंद पडलेला असो की समोर व्यापारी बसलेला असो. सहायकही दर दहा मिनिटांनी फोन न करता प्रश्न एकत्र ठेवतात आणि प्रत्येक प्रश्नासोबत स्वतःचा प्रस्ताव लिहितात: ‘ग्राहक असे म्हणतो आहे, मी असे करावे म्हणते, चालेल का?’ अशा प्रश्नाला बहुतेक वेळा एका शब्दात उत्तर देता येते. शिवाय त्यांचा विचार कोणत्या दिशेने जातो हे चूक होण्याआधी दिसते, आणि मूल्यमापनासाठी याच्याइतकी उपयोगी दुसरी कोणतीही नोंद माझ्या पाहण्यात नाही.

वही एकदा लिहून ठेवली की ती शिळी होऊ लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा हा धडा मिळाला. प्रति नग १,००० रुपयांवरील चादरीला पूर्वी १२ टक्के कर होता, तो २,५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के झाला. मी बिलाच्या सॉफ्टवेअरमधला दर बदलून घेतला, पण कोटेशनचा जुना नमुना वहीत तसाच राहिला. आठवडाभर आम्ही ग्राहकांना एका दराने कोटेशन आणि दुसऱ्या दराने बिल देत होतो. आता प्रत्येक पानावर ते शेवटचे कधी तपासले याची तारीख असते, आणि तीन महिने उलटले की ते पान लाल होते.

निवडतानाच होणारी चूक

आतापर्यंतचे सगळे सहायक कामावर ठेवल्यानंतरच्या व्यवहाराबद्दल झाले, पण माझा एक दोष त्याही आधीचा होता. मी निवड मुलाखतीवर करत असे. मुलाखतीत आत्मविश्वासाने बोलणारा माणूस आवडतो आणि ‘हे मला माहीत नाही’ असे म्हणणारा मागे पडतो, म्हणजे ज्या गुणाची पुढे सर्वाधिक गरज लागते तोच गुण मी दारातूनच परत पाठवत होतो.

आता मुलाखत पंधरा मिनिटांची असते आणि निवड कामाच्या चाचणीवर होते. ती अडीच-तीन तासांची असून तिचे ६०० रुपये निवड झाली किंवा न झाली तरी देतो. फुकट चाचणी घेणे योग्य नाही आणि शहाणपणाचेही नाही, कारण चांगली माणसे फुकट चाचणी देत नाहीत. चाचणीत खऱ्या चौकशीसारखा एक संदेश असतो: एका हॉटेलला ३० बाय ६० इंची, ४५० जीएसएमचे, पांढरे १०० टॉवेल गुरुवारपर्यंत हैदराबादला हवे आहेत, किंमत कळवा. सोबत आमचे दरपत्रक आणि कामाच्या वहीतली चार पाने देतो.

यातला हिशेब सोपा आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन. ३० बाय ६० इंच म्हणजे सुमारे १.१६ चौरस मीटर, त्यामुळे एक टॉवेल साधारण ५२२ ग्रॅमचा भरतो आणि शंभर टॉवेल ५२ किलोंच्या आसपास जातात. दरपत्रकात भाव किलोवर दिलेला असल्याने हे केल्याशिवाय किंमत निघत नाही. ज्यांना हे सूत्र आधी ठाऊक नसते पण जे ते शोधून काढतात, त्यांना मी सूत्र पाठ असणाऱ्यांइतकेच गुण देतो.

खरी परीक्षा मात्र संदेशात जे नाही त्याची असते. हॉटेलचे नाव विणून हवे आहे की साधा टॉवेल चालेल? जीएसटी क्रमांक कोणता? गुरुवारपर्यंत माल पोहोचायला हवा की निघायला हवा? हॉटेलला पूर्वी दिलेल्या मालाशी पांढरा रंग जुळायला हवा का? चौथा प्रश्न विचारणारे क्वचितच भेटतात, कारण पांढऱ्यातही छटा असतात हे कपड्याच्या धंद्याबाहेर फारसे कोणी जाणत नाही. पण पहिल्या तिनांपैकी एकही प्रश्न न विचारता जो सुबक, रंगीत, अगदी छापण्याजोगे कोटेशन पाठवतो, त्याला मी आता घेत नाही. मागच्या निवडीच्या वेळी सात जणांनी चाचणी दिली आणि त्यांपैकी चार कोटेशने दिसायला उत्तम होती. सध्याच्या सहायिका, ज्या पंढरपूरहून काम करतात, त्यांचे कोटेशन अपूर्ण होते आणि खाली पाच प्रश्न होते.

भाषेबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगतो. आमचे बरेच ग्राहक तेलुगू आणि कन्नड बोलणारे आहेत, आणि सोलापुरात तेलुगू येणारा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. तरीही लेखी व्यवहार हिंदी किंवा इंग्रजीतच होतो असे गृहीत धरून मी हा मुद्दा जाहिरातीत कधी घातला नव्हता. पुढच्या वेळी घालणार आहे.

मूल्यमापन कशाचे करावे

किती तास बसले याची नोंद आम्ही बंद केली. त्याऐवजी दर शनिवारी अर्धा तास आठवड्यातल्या कोणत्याही दहा मागण्या उघडून चौकशीपासून पावतीपर्यंत वाचतो, त्यांतली प्रत्येक चूक नवी की जुनी एवढेच ठरवतो आणि ते सहायिकांच्या समोर, फोनवर बोलत ठरवतो. नवी चूक म्हणजे जी वहीत नव्हती. ती सापडली की वहीत एक ओळ वाढते आणि तो विषय तिथेच संपतो. जुनी चूक म्हणजे वहीत असूनही झालेली, आणि तिच्याबद्दल ‘का’ असे विचारावे लागते.

कुरिअरच्या वजनाचा प्रकार या पद्धतीमुळेच सापडला. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर शुल्क लावतात. आकारमानी वजन काढताना खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला बहुधा ५,००० ने भागतात. आमची दीड किलोची चादर ३८ बाय ३० बाय १० सेंटिमीटरच्या खोक्यात गेली की २.२८ किलो धरली जाते. आधीच्या सहायकाच्या काळात दर महिन्याला वजनाच्या फरकापोटी पैसे कापले जात होते आणि मी ते त्याचा निष्काळजीपणा समजत होतो. दहा मागण्या शांतपणे वाचल्यावर दिसले की वहीत फक्त चादरीचे वजन होते, खोक्याचे माप नव्हतेच. ती नवी चूक होती, आणि ती माझी होती.

यासोबत दोनच आकडे ठेवतो: संध्याकाळी किती चौकशा उत्तराविना राहिल्या आणि आठवड्यात किती प्रश्न आले. दुसरा आकडा एकदम शून्यावर आला तर मी खूश होत नाही, फोन करतो.

दोष खरोखरच सहायकाचा असेल तेव्हा

वरचे सगळे करूनही काही वेळा माणूसच चुकीचा निघतो, आणि ते मान्य करायला उगाच उशीर करू नये. तीच जुनी चूक कारण विचारल्यानंतरही तिसऱ्यांदा होणे, चूक कळल्यावर नोंद बदलून ती झाकणे, आणि ठरलेल्या वेळी सलग दोन-तीन दिवस न सापडणे, या तीन गोष्टींना मी आता वाव देत नाही. यांतली दुसरी गोष्ट गूगल शीटच्या जुन्या आवृत्त्या उघडून पाहिल्यास लगेच समजते, कारण कोणत्या खात्याने कोणता बदल कधी केला हे तिथे दिसते. मात्र त्यासाठी प्रत्येकाला स्वतःच्या खात्यावरून प्रवेश दिलेला असावा लागतो. सगळ्यांना एकच पासवर्ड दिला असेल तर कोणी काय केले हे कधीच कळत नाही.

प्रवेशाच्या बाबतीत आम्ही सुरुवातीला फार ढिसाळ होतो. पहिल्या सहायकाला मी कार्यालयाचा व्हॉट्सॲपचा फोनच सिमकार्डासह कुरिअरने पाठवला होता आणि तो परत मिळवायला सहा आठवडे गेले. आता मूळ फोन कार्यालयातच राहतो आणि सहायिकांचा संगणक जोडलेले उपकरण म्हणून त्याला लावलेला असतो. व्हॉट्सॲपमध्ये अशी चार उपकरणे जोडता येतात आणि एका स्पर्शात तोडता येतात. फक्त मूळ फोन चौदा दिवसांहून अधिक काळ बंद राहिला तर ती आपोआप सुटतात, हे लक्षात ठेवावे लागते. बँकेचा ओटीपी आणि यूपीआयचा पिन सहायकाला कोणत्याही कारणाने सांगायचा नाही, हा नियम वहीच्या पहिल्याच ओळीत आहे. ग्राहकांचे पत्ते आणि फोन क्रमांक असलेली यादी उतरवून घेता येणार नाही अशी सोय शीटमध्ये करून ठेवली आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानुसार ग्राहकांच्या माहितीची जबाबदारी सहायकावर ढकलता येत नाही, ती आपलीच राहते.

सोडचिठ्ठीची वेळ आलीच तर त्या दिवसापर्यंतचे पैसे त्याच दिवशी द्यावेत आणि प्रवेश त्याच तासात बंद करावेत. पैसे अडवून धरल्याने अपुऱ्या राहिलेल्या मागण्यांची माहिती मिळत नाही, हे मी दोनदा करून पाहिले आहे.

गेल्या शनिवारच्या तपासणीत सहायिकांचे त्या आठवड्याचे प्रश्न चौदा निघाले. त्यांतला एक पुढच्या यात्रेच्या दिवसांबद्दल होता: गड्ड्याच्या चार दिवसांसाठी ‘माल कधी मिळेल’ याचे उत्तर आत्ताच बदलून ठेवावे का? मी पाच वाजता ‘हो’ असे लिहिले, आणि सव्वापाचला वहीत ती ओळ वाढलेली होती.